मदत हवी आहे: सर्व्हरमध्ये नवीन हार्डडिस्क दिसत नाहीत (तातडीचं)

फोटोवाला_कोल्हापूर
स्टुडिओच्या सर्व्हरमध्ये आज दोन नवीन डिस्क बसवल्या. जुन्या चार नीट चालू आहेत, नवीन दोन्ही दिसतच नाहीत. केबल बदलली, पोर्ट बदलला. घरी यूएसबी डॉकला लावल्या तर दोन्ही चालतात, म्हणजे डिस्क खराब नाहीत. लग्नसराई चालू आहे, उद्या सकाळी दोन लग्नांचं फुटेज उतरवायचंय आणि जागा संपलीय. पटकन सांगा कोणीतरी.

मंदार_नाशिक
सर्व्हर कुठला? डिस्क किती टीबीच्या? मदरबोर्डला लावल्यात की डिस्क जोडायच्या वेगळ्या कार्डाला? आणि 'दिसत नाहीत' म्हणजे बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) की विंडोजमध्ये?

संगणक_सेवक
२ टीबीच्या वरची डिस्क असेल तर डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी एमबीआर पद्धत चालत नाही, नवी जीपीटी करावी लागते. डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइझ करा, जीपीटी निवडा. झालं काम.

फोटोवाला_कोल्हापूर
अहो, बायोसमध्येच नाहीत, जीपीटी कुठे करू? असेंबल केलेला टॉवर आहे, कार्ड लावलंय.

वायरमन_सांगली
कार्डातून एकाच्या चार होणारी केबल निघते ना? तीच चुकीची आली असणार. तिच्यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स असे दोन प्रकार येतात, दिसायला हुबेहूब. कार्डाकडून डिस्ककडे जायचं तर फॉरवर्डच लागते. रिव्हर्स लावली तर डिस्क फिरते, पण कार्डाला तिचा पत्ता लागत नाही. पाकीट बघा.

फोटोवाला_कोल्हापूर
जुन्यातल्या दोन त्याच केबलवर चालतायत की.

वायरमन_सांगली
हे आधी सांगायला हवं होतं. मग केबल बरोबर आहे.

झेडएफएस_प्रेमी
विंडोज काढा आणि झेडएफएसवाली सिस्टीम घाला, अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी. त्या कार्डाला आयटी मोडचं (डिस्क जशाच्या तशा दाखवणारं) फर्मवेअर चढवा, रेडचं (कार्डानेच डिस्क एकत्र जोडणारं) नको. आणि डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) नाहीत ना ते बघून घ्या, एक डिस्क गेल्यावर ॲरे (डिस्कचा एकत्र गट) पुन्हा बांधताना त्या फार रडवतात.

मंदार_नाशिक
ते सगळं बरोबर आहे, पण त्यांना उद्या सकाळी फुटेज उतरवायचंय. फोटोवाले, डिस्कचा आकडा अजून सांगितला नाहीत.

जुनी_खटपट
आकड्याआधी एक बघा. सर्व्हर चालू असताना नव्या डिस्कच्या कडेला बोट टेकवा. फिरतेय का? थरथर लागते का हाताला?

फोटोवाला_कोल्हापूर
नाही. एकदम गार, काहीच हालचाल नाही. १२ टीबीच्या आहेत, कंपनीतून निघालेल्या. जुन्या ४ टीबीच्या. पॉवर सप्लाय कमी पडतोय का? मोठा घ्यावा लागेल?

जुनी_खटपट
सप्लाय घेऊ नका. साटाच्या (डिस्क जोडायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) पॉवर जोडात १५ पिना असतात, पैकी पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या. जुन्या डिस्क ते व्होल्टेज वापरतच नव्हत्या. पुढे नियम बदलला, तिसरी पिन 'डिस्क बंद ठेव' या हुकमासाठी राखली. मोठ्या सर्व्हर-घरात अडकलेली डिस्क जागेवर न जाता बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. तुमचा सप्लाय त्या पिनेवर कायम ३.३ देतोय, डिस्क तो हुकूम पाळून गप्प बसलीय. बहुतेक यूएसबी डॉक फक्त ५ आणि १२ देतात, म्हणून घरी चालली.
डिस्कच्या पॉवर जोडावर डेटा जोडाच्या बाजूने मोजायला लागा. पहिल्या तीन सोनेरी पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाऊ देणाऱ्या पिवळसर टेपची) बारीक पट्टी चिकटवा. चौथी उघडी राहिली पाहिजे, ती ग्राउंडची आहे. सर्व्हर बंद करून, वायर भिंतीतून काढून मगच.

वायरमन_सांगली
टेप कशाला? मोलेक्स टू साटा लावा, म्हणजे सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या जोडातून साटा काढणारा अडॅप्टर. मोलेक्समध्ये ३.३ नसतंच. लाल ५, पिवळी १२, दोन काळ्या. संपला विषय.

जुनी_खटपट
ते स्वस्तातले अडॅप्टर वितळतात हो. साच्यात ओतलेल्या जोडात तारा आत एकमेकींना टेकतात आणि आग लागते. घ्यायचाच तर एकेक तार वेगळी दिसणारा, दाबून बसवलेला घ्या.

वायरमन_सांगली
आणि टेप? डिस्क चार वेळा काढली-घातली की गोळा होऊन आत बसते. मी केशरी तार सरळ काढून टाकतो, ३.३ तीच आणते.

मंदार_नाशिक
सप्लाय वॉरंटीत असेल तर तार कापू नका. आणि सहाही डिस्क एकाच वायरीवर नकोत. फिरायला लागताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, आणि साटाचा एक पॉवर जोड साडेचार अँपिअरचाच. स्प्लिटर लावून एका जोडातून चार डिस्क चालवू नका.

सीसीटीव्ही_अण्णा
आमच्या सोसायटीच्या डीव्हीआरला अशी कंपनीतली जुनी डिस्क चालेल का? वीज सारखी जाते आमच्याकडे.

फोटोवाला_कोल्हापूर
टेप शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून आणली, चिमट्याने लावली. दोन्ही डिस्क फिरल्या आणि बायोसमध्ये आल्या. खटपटदादा, फार उपकार झाले. आता एक सांगा, ट्रेमध्ये मधली स्क्रूची भोकं जुळत नाहीत, दोन्ही डिस्क दोन-दोन स्क्रूवर आहेत. चालेल?

जुनी_खटपट
मोठ्या डिस्कच्या तळाला मधली भोकं नसतात. ट्रेच्या बाजूला भोकं असतील तर तिथून चार लावा. अडीच इंचीचे बारीक स्क्रू घेऊ नका, ते ढिले बसतात. आज रात्रीपुरतं दोनावर चालेल, पण टॉवर हलवू नका. आणि फुटेजची दुसरी प्रत झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका, या डिस्क वापरलेल्या आहेत.

संगणक_सेवक
आता जीपीटी करा.