मदत हवी आहे: अंगुलिमालाची अट्ठकथा (मूळ पाली ग्रंथांवरची जुनी टीका) मराठीत किंवा हिंदीत

वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी एक कथा होते. पुढच्या रविवारी अंगुलिमाल, म्हणजे पुढे भिक्षू झालेला दरोडेखोर, माझ्याकडे आहे. ऐकायला आठवी-नववीची मुलं आणि त्यांच्या आज्या.

मज्झिमनिकायातलं (बुद्धाच्या उपदेशांचा पाली संग्रह) ८६वं सुत्त वाचून झालंय. त्यात नेहमीच्या कथेतला तक्षशिलेचा आचार्य नाही, त्याने मागितलेली हजार बोटांची गुरुदक्षिणाही नाही. उलट शेवट अंगावर येतो: भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो, लोक ढेकळं, काठ्या मारतात, डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं, आणि भगवान म्हणतात, सहन कर. हा भाग सहसा कुणी सांगतच नाही, म्हणून मी त्यावरच भर देणार आहे.

पण गुरुदक्षिणेचं मुलं विचारणारच (टीव्हीची कृपा). ती कथा अट्ठकथेतली, एवढं कळलंय. थेरगाथेतल्या (ज्येष्ठ भिक्षूंच्या गाथांचा संग्रह) त्याच्या गाथाही पाहिल्या, त्यांत नाही. अट्ठकथेचं पाली मूळ देवनागरीत ऑनलाइन आहे, पण माझं पाली कच्चं. इंग्रजी नको, आज्यांना वाचून दाखवायचंय.

मज्झिमनिकायाच्या किंवा थेरगाथेच्या अट्ठकथेतल्या एवढ्या भागाचा मराठी अनुवाद कुणी वाचलाय का? हिंदीही चालेल. कोणत्या प्रकाशनाचा, आणि नागपुरात आठवड्याभरात कुठे मिळेल?