एअरबॅगचा दिवा जात नाहीये, एसआरएस (एअरबॅगची सिस्टीम) वाचणारा स्कॅनर कोणाकडे आहे का? शुक्रवारी एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी)

मंगळवार रात्री ९.१०, रेडिंग (ढोल पथक)

मंडळी नमस्कार, घाईत लिहितोय. रविवारी माझ्या होंडा जॅझ गाडीचा जुना रेडिओ काढून टचस्क्रीन बसवला, आवाज छान, रिव्हर्स कॅमेरा पण चालतो. पण तेव्हापासून एअरबॅगचा दिवा लागलाय तो लागलाय, गाडी सुरू केली की बाकीचे विझतात आणि हा एकटा राहतो. मधलं पॅनेल काढताना 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' वाल्या दिव्याचा छोटा प्लग काढावा लागला होता, तो परत लावलाय. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ डोंगल आहे माझ्याकडे, त्यावर एकही कोड येत नाही. शुक्रवारी सकाळी एमओटी आहे आणि शनिवारचे ढोल याच गाडीतून न्यायचेत, मागच्या सीट उचलल्या की उभे राहतात, दुसऱ्या कोणाच्या गाडीत मावत नाहीत हे मागच्या वर्षी पाहिलंय. स्कॅनर असेल तर आज-उद्या येऊन घेऊन जातो.

मंगळवार रात्री ९.३२, स्लावचे काका

अरे आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, व्हॅक्यूम करताना सीटखालची पिवळी वायर हलली आणि दिवा लागला. सीटखाली हात घालून प्लग दाबून बघ. नाहीतर रात्रभर बॅटरी काढून ठेव. आणि मंडळाच्या लॉकअपमध्ये मल्टिमीटर आहे, पिवळ्या प्लगवर लावून रेझिस्टन्स बघ, दोन मिनिटांत कळेल कुठे तुटलंय.

मंगळवार रात्री ९.५०, साउंड समिती

काका, तो मल्टिमीटर मंडळाचा नाही, साउंडचा आहे. दिवाळीला असाच कोणीतरी नेला, परत आला तेव्हा एक प्रोब गायब, कार्यक्रमाच्या दिवशी मी मायकच्या वायरी अंदाजाने तपासल्या. शनिवारच्या आधी तो लॉकअपच्या बाहेर जाणार नाही.

मंगळवार रात्री १०.१५, मिल्टन कीन्सचे अण्णा

मल्टिमीटर कोणाचा हा प्रश्नच नाही. तो एअरबॅगच्या वायरला लावायचाच नाही, कोणीही, कधीही. काका, तुमच्या मेलवरून उद्या कोणी तसं करायला बसेल म्हणून झोपायच्या आधी लिहितोय.

रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो. एअरबॅगच्या आत जो इग्नायटर असतो त्याला पेटायला फार करंट लागत नाही, आणि बॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. डॅशबोर्डमध्ये पिवळा प्लग किंवा पिवळी नळी दिसली की ती एअरबॅगची. तिथे हात घालायच्या आधी चावी काढायची, १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची आणि होंडात निदान ३ मिनिटं थांबायचं. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो, तो रिकामा व्हायला तेवढा वेळ लागतो.

सीटखालची वायर हलते हे काकांचं खरं आहे, पण इथे सीटला कोणी हात लावलेला नाही, पॅनेल काढलंय. डोंगलचं म्हणाल तर तो फक्त इंजिनचे कोड वाचतो, एसआरएसचं युनिट वेगळं, त्याला वेगळा स्कॅनर लागतो. डोंगलवर काही नाही म्हणजे एअरबॅग ठीक आहे असं नाही.

आता मला एकच सांग. प्लग सुटा असताना तू चावी फिरवली होतीस का?

मंगळवार रात्री १०.२४, रेडिंग

हो अण्णा. पॅनेल लटकत होतं, रेडिओला आवाज येतो का बघायला इग्निशन ऑन केलं होतं, दोनदा.

मंगळवार रात्री १०.४१, अण्णा

मग तेच. युनिटने बघितलं की त्या 'ऑफ'च्या दिव्याचं सर्किट तुटलंय आणि कोड साठवून ठेवला. आता प्लग लावला तरी तो कोड आपोआप जात नाही, बॅटरी रात्रभर काढूनही जाणार नाही. स्कॅनर माझ्याकडे आहे, उद्या सातनंतर ये. बॅटरी सोडवून प्लग आधी एकदा काढून घट्ट लाव, मग ये.

बुधवार सकाळी ७.०५, स्लावचे काका

मीटरचं मला माहीत नव्हतं, मागे घेतो. पण एमओटीला जाऊ दे की, फार तर नापास करतील, १० कामाच्या दिवसांत त्याच गॅरेजला परत नेली तर पार्शल रीटेस्टच होते, पूर्ण तपासणी नाही. माझी ब्रेकच्या पाइपवर नापास झाली होती तेव्हा असंच केलं.

बुधवार सकाळी ७.४८, हॅरोच्या वहिनी

काका, प्रश्न एमओटीचा नाही. शनिवारी मागे ढोल, म्हणजे बाळाची सीट पुढे येणार, आणि ती उलट तोंडाची आहे. पुढे ती लावायची तर एअरबॅग बंदच हवी, इथे तो कायदा आहे. बंद झाली की नाही हे ज्या दिव्यावरून कळतं तोच प्लग काढला होता ना? मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? बाळ आणि मी ट्रेनने येऊ, नाहीतर ढोल दोन फेऱ्यांत न्या.

बुधवार सकाळी ८.१०, सचिव

शनिवारच्या गाड्यांचे नंबर पार्किंगसाठी आज संध्याकाळपर्यंत हवेत, अजून चारच आलेत. कृपया पार्किंगच्या धाग्यात पाठवा, इथे नको.

बुधवार सकाळी ८.२२, अण्णा

वहिनी बरोबर बोलतायत. एसआरएसचा दिवा लागलेला असेल तर अपघातात एअरबॅग उडेल की नाही याची खात्री नाही, एमओटीवाले त्याला मेजर (मोठा दोष) धरून नापास करतात ते उगाच नाही. कोड पुसल्यावर पॅसेंजर एअरबॅगचा स्विच चावीने ऑफ करून 'ऑफ'चा दिवा लागतो का, ऑन केल्यावर विझतो का, हे माझ्यासमोर दोनदा बघू. तोपर्यंत पुढे बाळ नाही.

बुधवार रात्री ९.३५, रेडिंग

अण्णांकडून आत्ताच परत आलो. एकच कोड होता, साठवलेला, त्या दिव्याच्या सर्किटचाच. प्लग अर्धाच बसला होता, खटका वाजला असं मला रविवारी वाटलं होतं ते चुकीचं. कोड पुसला, आता चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पाच-सहा सेकंद लागून विझतो. ऑफचा दिवा दोन्हीकडून तपासला. वहिनी, तरी बाळ ट्रेननेच आणा, मी दोन फेऱ्या मारतो, दुसऱ्या फेरीला हाताखाली एक माणूस लागेल.

बॅटरी काढल्यापासून ड्रायव्हरकडची काच एका दाबात वर जात नाहीये, अर्ध्यात थांबते. हे कोणाला माहितेय का?

बुधवार रात्री ९.४४, स्लावचे काका

काच पूर्ण खाली ने, मग बटण वर ओढून धर, काच बंद झाल्यावरही दोनेक सेकंद सोडू नकोस. आणि दुसऱ्या फेरीला मी येतो.