मुंबई हायचे जुने प्लॅटफॉर्म: उचलायचे की तिथेच सोडायचे?

खाडीकाठ
फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाला मुंबईपासून दूर समुद्रात, मुंबई हायवर, तेल लागलं, १९७६ पासून उपसा सुरू झाला. तिथले सर्वांत जुने प्लॅटफॉर्म, म्हणजे विहिरींवरचे लोखंडी सांगाडे, आता पन्नाशीला आलेत. ताप्तीच्या वायुक्षेत्रातले काही प्लॅटफॉर्म काढून झाले. आपल्या समुद्रातलं ते असं पहिलंच काम. माझं म्हणणं सरळ आहे: विहिरी बुजवा, लोखंड मुळासकट उचला, आणि त्याचा पैसा तेल निघत असतानाच वेगळा काढून ठेवा. नंतर मागायला गेलं की दारात कुणी सापडत नाही. ऑस्ट्रेलियात ‘नॉर्दर्न एन्डेव्हर’ हे तेलजहाज एका छोट्या कंपनीने घेतलं, २०२० मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि जहाज सरकारच्या गळ्यात पडलं. मग सगळ्याच तेल कंपन्यांवर खास कर बसवावा लागला.

ॲबरडीनकर
पैशाचं शंभर टक्के मान्य. ‘मुळासकट’ मात्र मान्य नाही. मेक्सिकोच्या आखातात पाचशेहून जास्त प्लॅटफॉर्म आडवे पाडून किंवा वरून छाटून समुद्रातच ठेवलेत. पायांवर शिंपले धरतात, त्यांच्यामागे मासे येतात. ते उपटणं म्हणजे वसलेलं गाव उठवणं. १९९५ मध्ये उत्तर समुद्रातली तेल साठवायची तरंगती टाकी ‘ब्रेंट स्पार’ खोल समुद्रात बुडवायचं ठरलं तेव्हा युरोपभर रान पेटलं होतं. आत उरलेल्या तेलाचा ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने दिलेला आकडा चुकीचा निघाला, त्यांनी माफीही मागितली. म्हणून म्हणतो, प्रत्येक सांगाड्याचा हिशेब वेगळा मांडा.

तांडेलाचा मुलगा, करंजा
दादा, गाव वसलं हे खरं, पण त्याच गावाच्या वेशीवर आमचं जाळं फाटतं. दोन वर्षांपूर्वी तळाच्या कसल्याशा लोखंडात जाळं अडकलं. तीन तास ओढलं, शेवटी दोर कापला. लोखंड कुणाचं, हे आजवर कुणी सांगितलं नाही. नुकसान आमचं.

आणि खोली बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे १९८९ चे नियम सांगतात की अर्धवट ठेवायचं तर वर किमान ५५ मीटर मोकळं पाणी हवं. मुंबई हायला पाणीच साधारण ७५ मीटर. उरतो वीस मीटरचा खुंट. त्यात मासे किती राहणार ते ठाऊक नाही, जाळं मात्र नक्की अडकणार. चालू प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर आम्हाला बंदी असते. ती जागा मोकळी होऊन मिळेल म्हणून आम्ही थांबलोय.

ॲबरडीनकर
खोलीचं गणित तुमचं बरोबर, मुंबई हायपुरता मी मागे हटतो. पण लोखंड डोळ्यांना दिसतं म्हणून आपण त्यावर भांडतो. खरा धोका विहिरीत आहे. २००४ मध्ये आयव्हन वादळात तळाचा चिखल घसरला आणि मेक्सिकोच्या आखातातला, टेलर एनर्जी या अमेरिकी कंपनीचा प्लॅटफॉर्म आडवा झाला. गाडल्या गेलेल्या विहिरींतून तेल वर्षानुवर्षं गळत राहिलं. ते गोळा करणारी यंत्रणा २०१९ मध्ये बसली! पैसा अपुरा पडणार असेल तर आधी विहिरींत सिमेंट, मग सांगाड्याला क्रेन.

खाडीकाठ
टेलरचंच पुढे सांगा ना. २००८ मध्ये त्यांना जवळपास ६६ कोटी डॉलर साफसफाईसाठी विश्वस्त खात्यात ठेवावे लागले, म्हणून २०२१ च्या तडजोडीत उरलेले ४३ कोटी अमेरिकी सरकारच्या हाती आले. खातं नसतं तर? आणि ‘आधी विहिरी’ला माझी ना नाही. भीती ही की दहा वर्षांनी त्याचं ‘फक्त विहिरी’ होतं.

चौदा दिवसांची पाळी
निवृत्त आहे, तिथे आयुष्य गेलं. तुम्ही सगळे घाई करताय. तिथे तेल अजून आहे. २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला सोबत घेतलं. ताप्तीतल्या काही सोयीसुद्धा ओएनजीसीने दमणच्या वायुक्षेत्रासाठी ठेवून घेतल्याच की. चालतंय ते वापरा.

खाडीकाठ
काका, वापरा जरूर. पण ज्यावरून काहीच येत नाही तो सांगाडा खाऱ्या हवेत उभा ठेवला, तर उद्या तो कापायला चढणाऱ्या पोराच्या पायाखालची लोखंडी जाळी गंजलेली असेल. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ॲबरडीनकर
करंजावाल्या दादांसाठी. १९९७ मध्ये इथला, स्कॉटलंडचा, ‘वेस्टहेवन’ ट्रॉलर तळाच्या पाइपलाइनला अडकून बुडाला, चौघे गेले. आता इथल्या बोटींवर ‘फिशसेफ’ असतं: पाइप, विहिरी, खुंट जवळ आले की तांडेलाला इशारा मिळतो.

तांडेलाचा मुलगा, करंजा
मग आमच्या सोसायटीला निदान त्या जागांचे जीपीएस आकडे तरी द्या. यंत्र आम्ही घेऊ.