उंच पोराला पॉइंटवर खेळवायचं का? बोडिरोगा आणि त्याचा 'चाबूक'

काजूबाग
मंडळी, प्रश्न रत्नागिरी तालुक्यातल्या एका शाळेच्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचा आहे. संघात एक पोरगा सहा फूट एक इंच. पळायला मंद, उडी बेताची, पण ड्रिबल करताना (बॉल आपटत नेताना) मान वर असते आणि पास नेमका जातो. जो तो सांगतो, त्याला बास्केटखाली उभा करा. मला मात्र सर्बियाचा देयान बोडिरोगाच डोळ्यांसमोर येतो, आणि वाटतं त्याला पॉइंटवर, म्हणजे बॉल वर आणून हल्ला मांडणाऱ्याच्या जागी खेळवावं. जाणकारांनी सांगावं: बोडिरोगा नेमक्या कुठल्या जागेवर खेळायचा? त्याची ती हात लांब करून बॉल ओढायची चाल, स्पेनमध्ये जिला 'लाटिगो' म्हणजे चाबूक म्हणत, ती या वयात शिकवावी का? रेफ्री त्यावर शिट्टी मारतील का? आणि एवढा मोठा खेळाडू अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये का दिसला नाही?

खाडीपलीकडे
जागेचं विचाराल तर कागदावर स्मॉल फॉरवर्ड (पुढच्या फळीतली, बाहेरून खेळायची जागा), उंची २०५ सेंटिमीटर. पण बॉल वर आणायचा तो, हल्ला मांडायचा तो, आणि अंगावर बुटका गार्ड आला की त्याला पाठीवर घेऊन आत ढकलत न्यायचा तोही. तुमच्या पोरासाठी उपयोगाचं हेच. 'उंच म्हणून आत' आणि 'हँडल (बॉलवर पकड) आहे म्हणून बाहेर' असे दोन कप्पे त्याच्यासाठी कोणी केलेच नाहीत.

जन्म १९७३, झ्रेन्यानिन. सुरुवात झादारला. युगोस्लाव्हिया फुटल्यावर १९९२ मध्ये इटलीत त्रिएस्ते, तिथून १९९४ ला प्रशिक्षक बोग्दान तान्येविचबरोबर मिलान. १९९६ मध्ये मिलानने लीग आणि कप दोन्ही जिंकले. मग रेआल माद्रिद दोन वर्षं, पानाथिनाइकोस चार वर्षं, बार्सिलोना तीन वर्षं, शेवटी रोम, आणि २००७ मध्ये निवृत्ती. युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) तीनदा: २०००, २००२ पानाथिनाइकोसकडून, २००३ बार्सिलोनाकडून. यातल्या शेवटच्या दोन्ही वेळा फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू तोच. बार्सिलोनाचं ते पहिलंच युरोलीग विजेतेपद, हे विसरू नका.

देशाकडून (तेव्हा उरलेला युगोस्लाव्हिया) १९९५, १९९७, २००१ ची युरोपियन सुवर्णं, १९९६ अटलांटा ऑलिंपिकचं रौप्य, १९९८ आणि २००२ चं जागतिक विजेतेपद. १९९८ च्या अथेन्स स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. २००२ ची इंडियानापोलिसची अर्जेंटिनाविरुद्धची फायनल मात्र पोराला दाखवाच. शेवटच्या काही मिनिटांत संघ मागे असताना बॉल सतत याच्याच हातात. सामना जादा वेळेत ८४-७७ असा जिंकला, त्यात त्याचे २७ गुण. ती मिनिटं स्लो मोशनमध्ये बघायची गरज नाही, तो मुळातच संथ खेळतो.

एनबीएचं म्हणाल तर १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिथल्या साक्रामेंटो संघाने ५१ व्या क्रमांकावर निवडला होता, तो गेला नाही. लोक यावर कादंबऱ्या लिहितात. माझ्या मते युरोपात अख्खा संघ त्याच्याभोवती रचला जायचा, तिकडे दुसऱ्या फेरीतल्या निवडीला बेंचवरून सुरुवात करावी लागली असती. 'तिकडे टिकला असता का' हा वाद चहाच्या टपरीवरचा, प्रशिक्षकाच्या कामाचा नाही.

तिसरी_शिट्टी
शिट्टीचं सांगतो. चालीत बेकायदा काही नाही, पण पोरं ती बेकायदा करून ठेवतात.

हात लांब करून बॉल दाखवताना पंजा बॉलच्या खाली गेला आणि बॉल क्षणभर हातात विसावला, की ड्रिबल संपलं. त्यानंतर पुन्हा टप्पा पडला तर डबल ड्रिबल. पंजा बॉलच्या वर आणि बाहेरच्या अंगाला हवा. शाळेच्या सामन्यात रेफ्री सहसा कोपऱ्यातून बघतो, त्याला खाली वळलेला पंजा लगेच दिसतो.

दुसरी भानगड पावलांची. २०१७ पासून फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात, चालत्या खेळाडूने ड्रिबल संपवून बॉल ताब्यात घेतला त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे तो मोजत नाहीत, पुढे दोन पावलं मिळतात. चालीनंतर लेअपला (पळत जाऊन बास्केटजवळून टाकायच्या शॉटला) जाणाऱ्या पोराला हे फायद्याचं. पण उभ्या जागेवरून ड्रिबल सुरू करताना ही सवलत नाही. तिथे पिव्हट (जमिनीवर रोवलेला) पाय उचलायच्या आधी बॉल हातातून सुटलाच पाहिजे. निम्म्याहून जास्त ट्रॅव्हलिंग (बॉल हातात घेऊन जास्त पावलं टाकणं) तिथेच होतं, लेअपला नाही.

वेंगुर्ला_झोन
आता चाल. यात मनगट कमी आणि वेग बदलणं जास्त, हे आधी पोराच्या डोक्यात बसवा. बोडिरोगा डिफेंडरला हरवायचा तो सावकाशीने.

उजव्या हाताने पाऊण वेगात डिफेंडरवर जायचं. त्याच्यापासून दीड हात अंतरावर वेग मंद करायचा, गुडघे वाकलेले. उजवा हात बाहेर-पुढे लांब, कोपर जरा वाकलेलं ठेवून. ताठ केलंत तर ओढायला ताकद उरत नाही. बॉल कमरेच्या आसपास. हे झालं आमिष. डिफेंडर हात घालतो किंवा त्या बाजूच्या पायावर वजन टाकतो, तो क्षण पकडायचा. बॉल आडवा ओढायचा, टप्पा आपल्या पावलांच्या थोडा पुढे, परत येताना गुडघ्याच्या खाली. डावा हात आधीच खाली तयार. मग उजव्या पायाचं लांब पाऊल डिफेंडरच्या पायाच्या पलीकडे, आणि खांदा त्याच्या कमरेजवळून. लांब हातांच्या पोराला हे जमतं, कारण बॉल एकदम दीड-दोन मीटर इकडून तिकडे जातो.

बिघडतं कुठे? डिफेंडर हललाच नाही तरी पोरं ठरवून ओढतात, मग बॉल सरळ त्याच्या हातात. टप्पा जवळ पडला की स्वतःच्याच बुटावर आपटतो. मान खाली गेली की मदतीला आलेला दुसरा डिफेंडर दिसत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे समोरचा मागे सरकून उभा असेल तर चाबूक कोणावर मारणार? तिथे शॉट घ्यायचा. बोडिरोगाला शॉट होता म्हणून लोक अंगावर यायचे, म्हणून चाल चालायची. पोराचा पाच मीटरवरचा उभा शॉट दहातले चार पडत नसतील तर आधी तेच काम घ्या.

सराव प्लास्टिकच्या शंकूवर (कोनवर) सुरू करू नका, शंकू हात घालत नाही. जिवंत डिफेंडर ठेवा आणि त्याला सांगा, कधी हात घाल, कधी घालू नको. पोराने बघून ठरवायचं.

दर्यावर्दी_७
आधी कोर्टावरचा शेवाळ काढा, मगे काय तो चाबूक मारा!
मस्करी सोडा, पण आपल्याकडे सिमेंटच्या कोर्टावर पावसाळ्यानंतर रोवलेला पाय सटकतो आणि या चालीत सगळा भार त्याच पायावर. ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून थोडा वेळ मुरू द्या, हिराच्या खराट्याने घासा, भरपूर पाणी मारा. जांभ्याची बारीक लाल माती बुटाच्या तळाला बसते ती वेगळीच. साइडलाइनला ओलं गोणपाट टाकून ठेवा, पोरांनी येता-जाता तळवे पुसायचे. आणि जुना गुळगुळीत झालेला रबरी बॉल दमट हवेत साबणासारखा निसटतो. लांब हाताच्या चालीला दाणे शाबूत असलेलाच बॉल घ्या. मुलांना सात नंबर.

काजूबाग
आभार सगळ्यांचे. एक राहिलं. आमच्याकडे बहुतेक संघ दोन-तीन झोन (पुढे दोघं, मागे तिघं आपापली जागा राखतात) लावून बसतात, अंगावर कोणी येतच नाही. मग पोराला पॉइंटवर ठेवून काय करू?

वेंगुर्ला_झोन
झोनसमोर पॉइंटवर ठेवू नका, फ्री थ्रो लाइनच्या मधोमध आणा. दोन-तीन झोनचं पोट तिथेच मोकळं असतं. बॉल त्याच्या हातात पडला की त्याने आधी वळून बास्केटकडे बघायचं. मधला डिफेंडर वर आला तर बेसलाइनवरच्या (बास्केटमागच्या रेघेजवळच्या) पोराला खाली पास, नाही आला तर तिथूनच शॉट. कोपऱ्यातला डिफेंडर आत ओढला गेला तर कोपऱ्यात पास. उंची आणि वर असलेली मान, दोन्हींचं चीज इथे होतं. फुल कोर्ट प्रेस (मैदानभर अंगावर येणारा बचाव) आला की मात्र बॉल त्यानेच वर आणावा. आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं असतं आणि बुटक्या गार्डला दोघांच्या हातांवरून पलीकडचं दिसत नाही.

तिसरी_शिट्टी
त्यात एक बघून घ्या. तुमच्या कोर्टावर थ्री-सेकंदचा एरिया (बास्केटसमोरचा भाग, जिथे हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) खाली रुंद होत जाणारा, जुना आहे का? कोकणात कित्येक शाळांत अजून तोच रंगवलेला दिसतो. २०१० पासून तो सरळ आयत आहे, ४.९ मीटर रुंद. जुना फ्री थ्रो लाइनपाशी ३.६ मीटरच होता. म्हणजे जुन्या रेघेच्या जरा बाहेर, कोपऱ्याशी उभा राहायची सवय लागलेला पोरगा जिल्ह्याच्या सामन्यात ६५ सेंटिमीटर आत उभा असतो आणि तीन सेकंदांची शिट्टी खातो. फ्री थ्रो लाइनच्या मध्यापासून दोन्हीकडे २.४५ मीटर मोजा आणि तिथून सरळ बेसलाइनपर्यंत चुन्याची रेघ ओढा. तीन गुणांची रेघही तेव्हाच ६.२५ वरून ६.७५ झाली. ती काढताना दोरी रिंगच्या मध्याच्या बरोबर खालून धरा, बोर्डाच्या खालून नव्हे. कोर्ट १५ मीटरपेक्षा अरुंद असेल तर कोपऱ्यातल्या सरळ रेघा साइडलाइनच्या जवळ येतील.