नियमांचा तक्ता, तारे आणि कौतुक

नियमांचा तक्ता भिंतीवर लावला, चांगल्या वागणुकीला तारे दिले, तरी महिन्याभरात वर्ग पूर्वपदावर आला, हा एका शिक्षकाने मांडलेला अनुभव मला अनपेक्षित वाटत नाही. मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८ मध्ये प्रत्यक्ष वर्गांत केलेल्या अभ्यासात नुसते नियम सांगून मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. किरकोळ गैरवर्तनाकडे दुर्लक्ष आणि योग्य वर्तनाचे कौतुक यांची जोड दिल्यावर मात्र तो दिसला.

कौतुकाच्या शब्दांचाही विचार व्हायला हवा. ‘शाब्बास, गुणी मुलगा!’ एवढ्याने आपण नेमके काय केले ते मुलाला कळत नाही. ‘बाक फरफटत न ओढता उचलून सरकवलास, त्यामुळे शेजारच्या वर्गाला त्रास झाला नाही’ असे म्हटले, की कृती आणि तिचा परिणाम दोन्ही त्याच्या लक्षात येतात. मुळात बाक कसा उचलायचा, हेही हातच्याच्या बेरजेइतक्याच धीराने करून दाखवावे लागते. (ते न शिकवता आपण शिक्षा मात्र तत्परतेने करतो, हा भाग वेगळा.)

ताऱ्यांबाबत मी जरा सावध आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला, तेव्हा ज्यांना बक्षीस देण्याचे आधी कबूल केले होते, ती मुले पुढे स्वतःहून चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली. तेच बक्षीस अनपेक्षितपणे मिळालेल्यांत अशी घट दिसली नाही. म्हणून मूल जे आपणहून करते त्यासाठी तारा नको. ज्याला सुरुवातच जड जाते, त्याला तो काही आठवडे जरूर द्यावा आणि मग हळूहळू विरळ करत न्यावा.