बारावी ५४, सीईटी ९३ : पर्यायांची यादी कोणत्या आकड्यावर बेतायची?

कॅपकट्टा :
अभियांत्रिकी प्रवेशासाठी कॉलेजांच्या पर्यायांची यादी भरताना दरवर्षी जुलैत ही गल्लत होते म्हणून धागा काढतोय. गुणपत्रिका अशी धरा : दहावी ९२ टक्के, बारावीला पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) ३०० पैकी १६२, एमएचटी-सीईटीत (राज्याची प्रवेश परीक्षा) ९३.४ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली ९३ मुलं मागे. खुला गट, बारावी लातूरहून. घरचे म्हणतात, "बारावीत एवढे कमी, मोठ्या कॉलेजांचं नाव कशाला काढायचं?" माझं मत : हे साफ चूक आहे.

राज्यातल्या अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत) प्रवेशात गुणवत्ता क्रमांक सीईटीवर ठरतो. बारावीचं काम फक्त पात्रतेपुरतं : खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के, राखीव गटांना ४०. १६२ वाल्याने ते दार केव्हाच ओलांडलंय. बारावीची लाज वाटून यादी खाली ओढली, तर हक्काची जागा आपल्यामागच्याला जाते. बारावी आड येते ती दुसरीकडे : एनआयटी, आयआयटीला ७५ टक्क्यांची (किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलची) अट आहे, काही खासगी विद्यापीठं पीसीएमला ६० मागतात. तिथे अर्जाचे पैसे घालवू नका. बाकी यादी सीईटीवरच.

खडूफळा :
प्रवेशापुरतं बरोबर, पण प्रवेश म्हणजे पदवी नव्हे. त्या १६२ ची फोड करा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र ७० लेखी अधिक ३० प्रात्यक्षिक, गणित ८० अधिक २०. प्रात्यक्षिकांचे ८० पैकी ७९ मिळाले असतील, आणि बहुतेक ठिकाणी मिळतातच, तर लेखीत उरले २२० पैकी ८३. म्हणजे ३८ टक्क्यांच्या आत. सीईटी बहुपर्यायी, चुकीला गुण कापत नाहीत. इंजिनीअरिंगची सत्र परीक्षा मात्र लेखी, पायऱ्या दाखवून सोडवायची. एम-वन, एम-टू (पहिल्या वर्षाची गणितं) आणि मेकॅनिक्सला मुलं अडकतात ती इथेच.

म्हणून माझ्या मते बारावी यादीत आलीच पाहिजे. कॉलेज निवडताना विचारा : नापास विषयाची फेरपरीक्षा त्याच उन्हाळ्यात होते की थेट पुढच्या वर्षी? एटीकेटीचा (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम काय? पहिल्या वर्षाचा गणिताचा निकाल किती टक्के? ही उत्तरं चांगली असतील तर दोन पायऱ्या खालचं कॉलेजही मी वर ठेवीन.

कॅपकट्टा :
फोड मान्य, निष्कर्ष नाही. एकात्मिक वर्गाची (कॉलेज आणि क्लास एकत्र) मुलं दोन वर्षं बोर्डाचं लिखाण करतच नाहीत. सीईटीत सुमारे ८० टक्के भार बारावीच्याच अभ्यासक्रमावर आणि २०० पैकी १०० गुण गणिताला. ९३ आलंय म्हणजे विषय कळलाय, लिहायची सवय नाही. ती एका सत्रात लागते. त्यासाठी चार वर्षांचं कॉलेज बदलायचं?

खडूफळा :
एका सत्रात लागते, कोणी लावून घेतली तर. तेच विचारा म्हणतोय.

पोफळी :
दोघांचा मुख्य मुद्दा सुटतोय : प्लेसमेंट. कॅम्पसवर येणाऱ्या, घाऊक भरती करणाऱ्या कितीतरी कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीत ६० टक्के मागतात. बारावीचे एकूण (सगळे विषय धरून) टक्के ५७ असतील तर त्या दिवशी मूल वर्गात बसून राहतं, सीजीपीए (पदवीची सरासरी, १० पैकी) ८.५ असला तरी. संगणक शाखेसाठी डोंगराएवढी फी भरून हे होणार असेल, तर सरकारी कॉलेजातली सिव्हिल, इलेक्ट्रिकल यादीत वर घ्या. कराड, जळगाव, अमरावती बघा. गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा), अभियांत्रिकी सेवा यांना पदवी लागते, बारावीचे टक्के कोणी विचारत नाही.

सातमजली :
पोफळीताई, जोरदार असहमत. ६० ची अट आहे, पण सगळीकडे नाही. बऱ्याच कंपन्या नुसती कोडिंगची चाचणी घेतात. ज्याला सिव्हिल आवडत नाही त्याला बारावीच्या शिक्षेपायी सिव्हिलला घालणं अन्याय आहे. कॉलेजकडून गेल्या वर्षी आलेल्या कंपन्यांची यादी अटींसकट मागा. नुसतं "सर्वोच्च पॅकेज" ऐकून येऊ नका.

आणि टोचतच असेल तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात, पहिल्या वर्षासोबत ते जड जातं. तरी ५७ चे ६० करायला तीनच टक्के लागतात.

पोफळी :
तीन टक्क्यांसाठी पहिलं सत्र पणाला लावायचं? तिथे एक विषय राहिला तर बॅकलॉग दिसतो, आणि कंपन्या तोही बघतात. अटींसकट यादी मागायची, हे मात्र पटलं.

कटऑफवाचक :
वाद चालू द्या, पण यादी भरताना होणाऱ्या चुका लिहून ठेवतो. त्यात जास्त नुकसान होतं.

एक. कटऑफच्या (ज्या पर्सेंटाइलला प्रवेश बंद झाला त्याच्या) तक्त्यात 'जीओपनएच', 'जीओपनओ', 'जीओपनएस' असे रकाने असतात. एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. गृह विद्यापीठ बारावी कुठून दिली त्यावरून ठरतं. हा मुलगा लातूरचा, त्यामुळे पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात त्याने ओ रकाना बघायचा. लोक एच बघून "येतंय की" म्हणतात आणि फसतात. ओ च्या जागा ३० टक्केच. मुलींसाठी सुरुवातीचं अक्षर एल.

दोन. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनातला, तिसरीत पहिल्या सहातला, तर जागा आपोआप गोठते. पुढची फेरी बंद. म्हणून "सुरक्षित" कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. ते मिळेलच, आणि मग सुटका नाही. वरची कॉलेजं आधी लिहिल्याने खालच्यांवरचा हक्क जराही कमी होत नाही. ९३.४ ला साधारण ९७ पासून ८५ पर्यंत बंद झालेले पर्याय घ्या, चाळीस-पन्नास तरी. मर्यादा ३०० ची आहे.

तीन. गेल्या एकाच वर्षाचा कटऑफ धरू नका. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२४-२५ पासून शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून संगणक शाखेच्या जागा काही कॉलेजांत वाढल्या. त्या वाढल्या की कटऑफ घसरतो. दोन-तीन वर्षांची पहिली आणि शेवटची फेरी शेजारी ठेवा.

सातमजली :
व्यवस्थापन कोट्याचंही लिहा ना. ९३ वाल्यांच्या घरी फोन सुरू होतात.

कटऑफवाचक :
खासगी विनाअनुदानित कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरतात. तिथे गेलात की शाहू महाराज शिष्यवृत्ती (फीची मदत) नाही. मुलींची १०० टक्के फी माफीही कॅपच्या जागेवरच, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी गटांना. टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) पर्याय मात्र प्रत्येक शाखेपुढे वेगळ्या कोडने भरता येतो, उत्पन्नाची अट ८ लाखच. तो कोड नेहमीच्या कोडच्या वर टाका. खाली टाकला तर नेहमीची जागा आधी मिळते आणि पूर्ण फी भरावी लागते.

खडूफळा :
हे उत्तम. फक्त त्या चाळीस पर्यायांतल्या पहिल्या सहांना फोन करून फेरपरीक्षेचं विचारा, फेरी सुरू व्हायच्या आत.

कॅपकट्टा :
पहिल्या सहांपुरतं मान्य. क्रम मात्र सीईटीचाच ठेवणार.