पलटणीतल्या पणजोबांचा माग कसा काढायचा? (खेड, जि. रत्नागिरी)

खेडचा_पणतू:
पणजोबा पहिल्या महायुद्धात शिपाई होते. घरात चांदीचं एक पदक उरलंय, कडेवर इंग्रजीत नंबर, 'सिपॉय', नाव आणि '११७ मराठाज' असं बारीक कोरलंय. आडनाव आम्ही लावतो ते नाही! परत आले, गावीच वारले. साल कुणाला ठाऊक नाही. त्यांचे वडील, भावंडं, नोकरी यांचा पत्ता कसा लावायचा? लंडनला लिहू का?

पलटणवेडा:
लंडन राहू द्या. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात गोऱ्यांचं आणि अधिकाऱ्यांचं पुष्कळ सापडतं, साध्या शिपायाची सेवानोंद नाही.

आधी ती कड तिरप्या उजेडात भिंगाने वाचा आणि फोटो काढा. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. नंबर पलटणीपुरताच असायचा, त्यामुळे नंबर आणि ११७ ही जोडी एकत्रच द्यायची. पदक चांदीचं म्हणजे लढाऊ शिपाई. बिगारी-मजुरांना तेच पदक कांस्याचं मिळे.

११७ म्हणजे आधीची १७ वी बॉम्बे इन्फन्ट्री. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या आकड्यांत १०० मिळवले. १९२२ मध्ये ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहाल तेव्हा तिन्ही नावं द्या.

ही पलटण कुतच्या (आजच्या इराकमधलं गाव) वेढ्यात होती, शरणागती २९ एप्रिल १९१६. म्हणून पणजोबा कैदेत होते असं लगेच धरू नका. जखमी आधीच मागे हलवलेले असायचे, नवी भरती डेपोत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत पहिल्या महायुद्धाचे फक्त ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत आहेत, तेव्हा पणजोबा तिथे बहुधा मिळणार नाहीत. तरी गावाचं नाव टाकून बघाच. मृत शिपायांपुढे बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव असतं, भावकीतला कोणी निघू शकतो. गावात संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर युद्धावर किती गेले नि त्यातले किती मेले एवढंच असतं, नावं नाहीत.

मोडीवाचक:
आडनावाचं कोडं कोकणात नेहमीचं. पलटणीत कुळाचं आडनाव, चाकरमानी झाल्यावर गावावरून '-कर'. दोन्ही शोधा.

खरं घबाड तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. 'पणजोबांची माहिती मिळावी' असा अर्ज केलात तर 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर ठरलेलं. मौजे अमुक, गाव नमुना १४ (कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही), सन १९२० ते १९५०, असं नेमकं लिहा. मृत्यूची नोंद मिळाली की तारीख हाती येते. कारणाच्या रकान्यावर विसंबू नका, अर्ध्या गावापुढे 'ताप' लिहिलेलं असतं.

त्या तारखेनंतरच्या दोन-तीन वर्षांचे फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढा. वारसनोंदीत मुलं येतात. सामाईक खातं असेल तर भाऊही. गाव खोतीचं असेल तर बोटखत हे खोती गावाचं दप्तरही मागा, कुळं (जमीन कसणारे) तिथे नावानिशी असतात.

जुनी पानं मोडीत असतील. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सलग जोडलेले, म्हणून आधी तारीख आणि गाव ओळखायचं, मग नाव. शकात ७८ मिळवा, फसलीत (जुन्या महसुली सनात) ५९०: शके १८१२ आणि फसली १३००, दोन्ही १८९०-९१.

खेडचा_पणतू:
आजोबांचा शाळेचा दाखला काढू का?

मोडीवाचक:
दाखला नको, शाळेच्या जनरल रजिस्टरच्या पानाची नक्कल घ्या. पालकाचं नाव आणि तेव्हाचं आडनाव तिथे मिळेल. जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

नामावळी:
घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकला विधीला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा. तिथे वही मूळ गाव आणि आडनावावर निघते, तेव्हा कुळाचं आडनाव सांगा. विधीला गेलेल्याने स्वतः वडील-आजोबांची नावं सांगितलेली असतात, पणजोबांच्या बापाचं नाव तिथेच आधी मिळेल. वहीला फोटोची परवानगी मागूनच हात लावा.